ओमानमधील स्वाध्याय

कोंकण आणि ओमान हे एकाच समुद्राचे दोन कांठ आहेत, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांच्याहि ध्यानांत नसते. आल्बुकर्कनें १५०७ सालीं मस्कत घेतलें आणि तीनच वर्षांनीं, १५१० सालीं, गोवें घेतलें. १६५० सालीं ओमानच्या अरबांनीं पोर्तुगीजांस मस्कतांतून हांकलून दिलें आणि १६७४ सालीं त्यांचीं गलबतें थेट वसईस येऊन पोर्तुगीजांचा मुलुख लुटून गेलीं. व्यापाराचाहि संबंध असाच जुना आहे. हिंदुस्थानचा रुपया त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. १९७० सालीं ओमाननें स्वतःचा रियाल काढला. परंतु रियालाच्या हजाराव्या भागास तेथील लोक अजून ‘बैसा’ म्हणतात, आणि हा बैसा म्हणजे आपला पैसाच होय, हें वाचकांस सांगावयास नको.

अशा ह्या शेजाऱ्याच्या घरीं जाण्याचा योग मला गेल्या हिवाळ्यांत आला. माझी कन्या तेथें देशाच्या अंतर्भागांतील एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकविते. तिच्या आग्रहावरून मी तेथें सुमारें अडीच महिने राहिलों. किल्ले, बाजार आणि वाळवंट ह्यांचें वर्णन करणारे लेखक पुष्कळ आहेत. मी जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलेला मनुष्य. माझें लक्ष साहजिकच वर्गाकडे अधिक गेलें. तेव्हां प्रवासवर्णन थोडें आणि वर्गवर्णन फार, असा हा लेख झाला, तर वाचकांनीं तो माझ्या पेशाचा गुण समजावा.

मुंबईहून विमान निघालें म्हणजे सुमारें तीन तासांत मस्कत येतें. काळ्याकरड्या उघड्या डोंगरांच्या कुशींत पांढऱ्या, ठेंगण्या घरांचें हें शहर पसरलें आहे. जुन्या बंदरावर जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले आहेत. मत्रा येथील बाजारांत लोबानाच्या धुरानें बोळ भरून गेलेले असतात. तेथें एका वृद्ध ओमानी दुकानदारानें माझ्याशीं चांगल्या स्वच्छ हिंदींत घासाघीस केली. “हिंदी कोठें शिकलांत?” असें विचारतां तो हंसून म्हणाला, “शाळेंत नव्हे. गिऱ्हाइकांकडून आणि सिनेमांतून!” हें वाक्य मी तेव्हां सहज ऐकलें; पुढें वर्गांत बसूं लागल्यावर त्याचें मोल कळलें.

मस्कतहून निझवा सुमारें १६० किलोमीटर आहे. रस्ता हजर पर्वतांतील समाईलच्या खिंडींतून जातो. दोन्ही बाजूंस झाडाचें पान नाहीं असे कडे, आणि मधूनच खजुरांची हिरवीगार वस्ती. ही हिरवळ ‘फलज’ नांवाच्या पाटांमुळें आहे. डोंगराच्या पायथ्याशीं भूमिगत पाणी शोधून तें केवळ उतारानें, कोणत्याहि यंत्राविना, मैलोगणती गांवापर्यंत आणलेलें असतें. असे पांच फलज २००६ सालीं जागतिक वारशांत गणले गेले. निझव्याचा फलज दारिस त्यांपैकींच एक. ह्या पाण्याची वांटणी मापानें नसून वेळेनें होते. दिवसा सूर्याच्या सावलीवरून आणि रात्रीं ताऱ्यांवरून पाळी मोजण्याची तेथील जुनी चाल आहे. खानदेशांतील फड-पद्धति ज्यांनीं पाहिली असेल त्यांस ही व्यवस्था परकी वाटणार नाहीं. पाट साऱ्या गांवाचा. परंतु आपल्या पाळीला उठून दारें धरावयाचें तें ज्याचें त्यानें.

आतां विद्येकडे वळूं. १९७० पूर्वीं ह्या साऱ्या देशांत आधुनिक पद्धतीच्या अवघ्या ३ शाळा होत्या, आणि त्यांत सुमारें ९०० विद्यार्थी शिकत होते. ते सारे मुलगेच. १९७० सालीं सुलतान काबूस गादीवर आले आणि शाळांचा प्रसार झपाट्यानें सुरू झाला. १९८६ सालीं त्यांच्याच नांवाचें विद्यापीठ उघडलें. म्हणजे ज्या घरांतील आजोबांनीं मशिदीजवळच्या कुराणशाळेपलीकडे शाळा पाहिली नाहीं, त्या घरांतील नात आज रसायनशास्त्र शिकते आहे. आपल्याकडे जें स्थित्यंतर चार-पांच पिढ्यांत झालें, तें तेथें दोन पिढ्यांत घडलें आहे.

ह्या वेगामुळें एक मोठी अडचण उत्पन्न झाली. सरकारी शाळांत बारा वर्षें सारें शिक्षण अरबींत होतें. इंग्रजी हा एक विषय असतो. परंतु महाविद्यालयांत शास्त्रें, वैद्यक, स्थापत्य इत्यादि बहुतेक विद्या इंग्रजींतून शिकवितात. ह्यासाठीं मध्यें एक पायाभूत अभ्यासक्रम ठेवला आहे. २००८ सालीं सरकारनें त्याचे नियम ठरवून दिले, व त्यांत इंग्रजी, गणित, संगणक आणि अभ्यासाचीं कौशल्यें अशीं चार अंगें सांगितलीं. विद्यार्थ्यानें स्वतः शोध घेऊन, टिपणें काढून, आधार देऊन किमान ५०० शब्दांचा अहवाल इंग्रजींत लिहावा, अशी त्यांत अपेक्षा आहे. हा उंबरठा ओलांडल्याशिवाय पुढील दार उघडत नाहीं. त्यासाठीं मुदतहि ठरलेली असते. मुदतींत तो ओलांडला नाहीं, तर मुलगा किंवा मुलगी सामान आवरून गांवीं परत जाते, आणि पुष्कळ वेळां त्या घरांतील पहिली उच्च शिक्षणाची आशा तेथेंच संपते.

कन्येच्या परवानगीनें मी वर्गांत मागील बांकावर बसत असें. पांढऱ्या पायघोळ दिशदाशांतील मुलगे एका बाजूस, काळ्या अबायांतील मुली दुसऱ्या बाजूस. हे वृद्ध गृहस्थहि शिक्षक होते, असें कळल्यापासून मुलें मला ‘उस्ताद’ म्हणूं लागलीं. हा शब्द आपण गवयास लावतों. तिकडे तो गुरुजींस आहे.

ह्या मुलांस इंग्रजी कां अवघड जातें, हें मला हळूहळू उमगलें. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे चालते, आणि तींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहींत. त्यामुळें वाचतांना मुलांची नजर व्यंजनांवर खिळते व इंग्रजी शब्दांतील स्वर तिच्या हातून निसटतात. अरबींत ‘प’ हा वर्ण नाहीं, म्हणून ‘पार्किंग’चें ‘बार्किंग’ होतें आणि मोटार उभी राहण्याऐवजीं भुंकूं लागते. वर्तमानकाळीं अरबींत ‘आहे’ ह्या क्रियापदाची गरज नसते. संस्कृतांतहि ‘अस्ति’ पुष्कळदां अध्याहृत राहतें. तेव्हां मुलगा ‘मी विद्यार्थी’ एवढेंच इंग्रजींत लिहून थांबला, तर तो त्याचा आळस नव्हे, त्याच्या मातृभाषेचें व्याकरण आहे, हें मला चटकन् पटलें.

परंतु खरी अडचण व्याकरणाची नव्हती. मुलांस सवय होती ती अशी कीं, शिक्षकानें फळ्यावर लिहावें, आपण उतरून घ्यावें, पाठ करावें आणि परीक्षेंत तसेंच्या तसें उतरावें. पायाभूत वर्गांत त्यांस एकदम सांगण्यांत येतें, ‘आतां तुम्ही स्वतः शिका.’ कसें शिकावयाचें, हें मात्र सांगत नाहींत. एका महाविद्यालयांत मीं स्वाध्ययनासाठीं सजविलेली एक खोली पाहिली. ओळीनें संगणक, कपाटांत पुस्तकें, भिंतीवर उत्तेजनपर वाक्यें, आणि खुर्च्या मात्र साऱ्या रिकाम्या. मुलें येत नाहींत म्हणून पुढें हजेरी लावण्यांत आली. तेव्हां मुलें येऊं लागलीं, सही करून बसूं लागलीं, आणि तास संपेपर्यंत हातांतील फोन पाहूं लागलीं. हजेरीच्या जोरावर स्वावलंबन शिकविण्याचा हा प्रकार पाहून मला हंसावें कीं रडावें, हें कळेना.

अशा वेळीं तेथील कांहीं परदेशी शिक्षक एक निकाल देऊन मोकळे होतात: ‘ह्या मुलांच्या रक्तांतच घोकंपट्टी आहे, स्वतंत्र विचार ह्यांच्या परंपरेंत नाहीं.’ हें वाक्य मीं चहाच्या वेळीं अनेकदां ऐकलें. तें मला पटलें नाहीं, आणि न पटण्यास कारण होतें. आपल्याविषयींहि असेंच बोलणारे पुष्कळ होऊन गेले आहेत. वेदपाठ करणाऱ्यास पोपट म्हणणें सोपें आहे; परंतु त्याच पाठशाळांच्या परंपरेंतून व्याकरण, मीमांसा आणि न्याय हीं शास्त्रें निघालीं, हें विसरून कसें चालेल? अरबांचेंहि तसेंच आहे. अरबींतील पहिल्या मोठ्या कोशाचा कर्ता खलील इब्न अहमद हा मूळचा ओमानी कुळांतला. इसवी सनाच्या ८ व्या शतकांत त्यानें बसरा येथें विद्यादान केलें. त्यानें आपला कोश रूढ वर्णक्रमानें न लावतां उच्चारस्थानांच्या क्रमानें, कंठापासून आरंभ करून लावला. आपली वर्णमालाहि कंठ्य वर्णांपासूनच सुरू होते, हें संस्कृतज्ञ वाचकांस कौतुकाचें वाटेल. अरबी छंदःशास्त्राची मांडणी करणाराहि तोच. त्याचा शिष्य सीबवैह हा जातीनें इराणी. अरबी ही त्याची जन्मभाषा नव्हे. असें असूनहि अरबी व्याकरणाचा आद्य ग्रंथ त्यानें लिहिला, आणि तो ‘अल्-किताब’, म्हणजे नुसतें ‘पुस्तक’, ह्या नांवानें आजतागायत ओळखला जातो. परभाषा स्वतःच्या बुद्धीनें आत्मसात् करण्याचें ह्याहून मोठें उदाहरण कोणतें द्यावें?

आणि एवढें दूर तरी कशास जावें? मत्रा बाजारांतला तो दुकानदार शाळेविना हिंदी शिकला होता. वर्गांतील एक मुलगा, ज्याला इंग्रजी परिच्छेद लिहितां येत नसे, तो मोटारीचें यंत्र उघडून दुरुस्त करण्याचें सारें ज्ञान फोनवरील चित्रफिती पाहून शिकला होता, आणि त्यांतील पुष्कळ चित्रफिती इंग्रजी होत्या! म्हणजे स्वतः शिकण्याची शक्ति ह्या मुलांत नव्हती असें नव्हे. शाळेच्या दाराशीं आली म्हणजे ती चपलेसारखी बाहेर काढून ठेवावयाची, एवढेंच त्यांस शिकविलेलें होतें.

भाषा शिकणाऱ्यानें आपल्या शिक्षणाची धुरा स्वतः वाहावी, हा विचार फ्रान्समधील नान्सी येथील पंडित हेन्री होलेक ह्यांनीं १९८१ सालच्या आपल्या पुस्तकांत मांडला. ध्येय आपण ठरवावें, साहित्य व रीति आपण निवडावी, आपल्या प्रगतीची पाहणी आपण करावी आणि शेवटीं परीक्षणहि आपणच करावें, असें त्याचें सार आहे. परंतु त्यांनींच आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती पुष्कळजण सोडून देतात. ही शक्ति जन्मतः येत नाहीं. ती मिळवावी लागते, आणि बहुधा ती शिकवूनच येते. स्वावलंबन शिकवावें लागतें, हें वाक्य ऐकावयास उलटें वाटतें. परंतु मूल चालावयास शिकतें तेंहि कोणाचें तरी बोट धरूनच.

कन्येची रीति मीं जवळून पाहिली, ती येथें थोडक्यांत सांगतों. कारण ती आपल्या घरींहि उपयोगी पडेल. प्रथम तिनें ती रिकामी खोली ओस पडूं दिली नाहीं व हजेरीच्या भरंवशावरहि सोडली नाहीं. आठवड्यांतून एक तास ती सारा वर्गच तेथें नेई. पहिल्या दिवशीं प्रत्येकानें एकच प्रश्न ठरवावयाचा: ‘माझें कोठें अडतें?’ कोणाचें स्वरांत, कोणाचें ऐकण्यांत, कोणाचें परिच्छेदांत. मग त्या एका अडचणीसाठीं दोन-तीन साधनें ती दाखवी. त्यांतून कोणतें घ्यावयाचें तें मुलानें ठरवावयाचें. प्रत्येकाजवळ एक वही असे आणि तींत तीन रकाने: आज काय ठरविलें, काय केलें, कोठें अडलें. आरंभीं तीन आठवडे हे रकाने ती मुलांबरोबर बसून भरी. पुढें आठवड्यांतून एकदां नुसते पाही. आणि शेवटीं मुलेंच एकमेकांच्या वह्या पाहूं लागलीं. हात एकदम सोडावयाचा नाहीं, पण रोज थोडा थोडा सैल करावयाचा, हें तिचें सूत्र.

शब्दसंग्रहासाठीं ती न्यूझीलंडमधील विदुषी ॲव्हरिल कॉक्सहेड ह्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेली यादी वापरी. सुमारें ३५ लाख शब्दांचें विद्यापीठीय लेखन चाळून त्यांनीं ५७० शब्दकुळें निवडलीं, जीं सर्व शास्त्रांत वारंवार येतात. येथें अरबी भाषेचा स्वभाव फार कामास आला. अरबींत तीन व्यंजनांच्या धातूपासून शब्दांचें कुटुंब निघतें. क-त-ब ह्या लेखनवाचक धातूपासून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लेखक, मक्तब म्हणजे कचेरी आणि मक्तबा म्हणजे ग्रंथालय. आपल्या कृ धातूपासून कर्ता, कार्य, कृति, करण निघतात, तसेंच हें. जुन्या अरबी कोशांत मक्तबा हा शब्द पाहावयाचा तर आधीं धातु ओळखून क-त-ब खालीं शोधावा लागतो. म्हणजे कोश उघडण्यापूर्वींच विचार करणें भाग. कन्या मुलांस म्हणे, “तुम्ही घरीं कोश पाहतांना जें करतां, तेंच येथें करा.” मग ॲनालाइझ, ॲनालिसिस, ॲनालिटिकल हीं एकाच घरचीं माणसें आहेत, हें मुलें आपण होऊन शोधूं लागलीं. भिंतीवर अशा कुळांचे वंशवृक्ष लागले.

निबंध तपासतांना ती चूक सुधारून देत नसे; समासांत केवळ एक खूण करी. काळ चुकला तर एक खूण, क्रियापद गळलें तर दुसरी. शुद्ध रूप मुलानें शोधावयाचें. ह्यावर प्रथम मोठी कुरकुर झाली. एका मुलानें तर सरळ विचारलें, “टीचर, चूक आम्हींच सुधारावयाची, तर तुम्हांला पगार कशाचा?” वर्ग हंसला, आणि कन्याहि हंसली. ती म्हणाली, “ह्या प्रश्नाचें उत्तर सत्राच्या शेवटीं तूंच मला दे.”

जबल अख्दर म्हणून एक उंच डोंगर आहे. तेथें गुलाबांच्या पाकळ्या भट्टीवर उकळून गुलाबपाणी काढतात. त्या भागांतील एक मुलगी ह्या वर्गांत होती. कुराणाचे अनेक अध्याय तिला मुखोद्गत होते. इंग्रजीसाठींहि तिनें तोच मार्ग धरला होता: चार उत्तम निबंध पाठ केले होते, आणि विषय कोणताहि येवो, त्यांतलाच एक ती लिहून देई. आपल्याकडे नदीवर निबंध आला असतां गाय नदीवर पाणी प्यावयास नेणारा विद्यार्थी प्रसिद्ध आहे. तशीच ही गत. एकदां ती अनुत्तीर्ण झाली होती. आतां मुदतीचें अखेरचें सत्र होतें. तिचे वडील एकदां भेटावयास आले, तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, “हिला घरीं नेऊं कीं ठेवूं?” बोलणें शांत होतें, परंतु मुलगी खालीं मान घालून उभी होती, तें मला अजून दिसतें.

कन्येनें तिला इंग्रजीविषयीं कांहींच विचारलें नाहीं. “तूं अध्याय पाठ कसे केलेस, तें सांग,” असें म्हटलें. मुलगी खुलली. रोज किती ओळी घ्यावयाच्या हें आपण ठरवावयाचें. त्या दहा वेळां म्हणावयाच्या. आजोबांस म्हणून दाखवावयाच्या. जेथें चुकलें तेथें खूण करावयाची. आणि ठराविक दिवशीं मागील पाठ पुन्हा फिरवावयाचा. कन्या म्हणाली, “ध्येय तूं ठरविलेंस, परीक्षा दिलीस, चुका नोंदविल्यास, उजळणी केलीस. स्वतः शिकणें म्हणतात तें हेंच. फक्त आतां दुसऱ्याचें वाक्य म्हणावयाचें नाहीं, स्वतःचें रचावयाचें.”

अहवालासाठीं त्या मुलीनें आपल्या गांवचा फलज हा विषय निवडला. पाठ करावयास त्यावर तयार निबंध नव्हता, हाच मोठा लाभ! सुटींत ती घरीं गेली आणि आजोबांस पाण्याच्या पाळ्यांविषयीं विचारून टिपणें घेऊन आली. मग त्या विषयावरील इंग्रजी मजकूर वाचला, आणि आजोबांचें सांगणें व छापील माहिती जेथें जुळेना तेथें पुन्हा घरीं फोन करून विचारलें. आठ वेळां मसुदा झाला. वर्गापुढें तो सांगतांना एका परदेशी शिक्षकानें विचारलें, “एखाद्यानें दुसऱ्याच्या पाळीचें पाणी घेतलें तर?” ती क्षणभर थांबली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजींत, पण स्वतःच्या इंग्रजींत, उत्तर देऊं लागली. पाठ केलेली वाक्यें संपलीं होतीं आणि बोलणें सुरू झालें होतें. ती उत्तीर्ण झाली. गुण बेताचेच होते, परंतु ती शास्त्रशाखेंत गेली. सर्वांचेंच असें झालें, असें मात्र नाहीं. मोटारीचें यंत्र जाणणारा तो मुलगा वही चार दिवस भरून कंटाळला, आणि सत्र संपण्यापूर्वींच निघून गेला. कोणतीहि रीति रामबाण नसते.

एके रात्रीं अंगणांत बसलों असतां मीं कन्येस विचारलें, “एवढा खटाटोप कशासाठीं? शुद्ध रूप सांगून टाकलें, तर तुझाहि वेळ वांचेल आणि मुलेंहि खूष राहतील.” ती म्हणाली, “अण्णा, माझा करार दोन वर्षांचा आहे. येथें १९८८ पासून सरकारचें धोरणच आहे कीं, परकीयांच्या जागीं ओमानी माणसें यावींत. आज मी आहें, उद्यां नसेन. मी सांगितल्याखेरीज ज्यांचें अडतें, त्यांना मी काय दिलें? आणि ह्यांतलीच एखादी मुलगी उद्यां माझ्या खुर्चीवर बसायची आहे. ती चांगली बसावी.” आपल्या हातानें आपली जागा घेणारें माणूस तयार करावयाचें, आणि तें मन लावून करावयाचें, ह्यांत शिक्षकाच्या धर्माचें सारें मर्म आलें, असें मला वाटलें. पगाराचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचें उत्तरहि ह्यांतच होतें.

मीं तिला आपल्याकडील जुन्या सुभाषिताची आठवण दिली. विद्येचा एक चतुर्थांश गुरूपासून, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक सहाध्यायांच्या संगतीनें आणि एक कालांतरानें मिळतो, असें त्यांत सांगितलें आहे. विचार केला म्हणजे दिसतें कीं, गुरूच्या वांट्यास चौथाच हिस्सा ठेवला आहे. परंतु तो पहिला हिस्सा आहे, आणि त्यावांचून उरलेल्या तिहींस वाट मिळत नाहीं. तसाच ‘स्वाध्याय’ हा शब्द. आज आपण त्याचा अर्थ स्वतः केलेला अभ्यास असा घेतों. मूळ अर्थ आपल्या शाखेच्या वेदाचें नित्य पठण. म्हणजे पाठांतर आणि स्वावलंबन हीं दोन्ही आपल्या पूर्वजांनीं एकाच शब्दांत नांदविलीं. त्या डोंगरावरील मुलीनें नकळत हेंच करून दाखविलें. पाठांतर ही स्वतंत्र अभ्यासाची शत्रु नव्हे. तेथेंच थांबलें तर मात्र ती बेडी होते, आणि पुढें पाऊल टाकलें तर शिडी.

हें सारें परदेशांतील म्हणून वाचून सोडून देण्यासारखें नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत आज काय दिसतें? मूल शाळेंतून आलें कीं शिकवणीस जातें, शिकवणीहून आलें कीं तयार प्रश्नोत्तरें घोकतें. शाळा, शिकवणी आणि मार्गदर्शिका ह्या तिघांनीं मिळून त्याच्या बुद्धीस विसांवाच देऊन टाकला आहे. त्यास ‘स्वतः अभ्यास कर’ असें नुसतें सांगून भागणार नाहीं. ओमानच्या त्या रिकाम्या खोलीनें तें सिद्ध केलें आहे. घरांतील वडील माणसांनीं रोज अर्धा तास जवळ बसावें, उत्तर सांगूं नये, ‘तुझें कोठें अडतें?’ एवढेंच विचारावें, आणि मुलाला सांपडेपर्यंत धीर धरावा. आजीआजोबांजवळ ज्ञान नाहीं असें समजूं नये. पाण्याच्या पाळीपासून पंचांगापर्यंत पुष्कळ विषय त्यांच्याकडूनच कळावयाचे आहेत. आपलें मूल आपल्यावांचून शिकूं लागलें, तर तो आपला अनादर नव्हे. शिकविणाराच्या कष्टांचें तें फळ आहे, आणि तें पाहावयास मिळणें हें भाग्य होय.